कपाटाचं दार

लढाईवरून परत आल्यापासून बाबा जरा कुठे खट्ट झालं की दचकून टेबलाखाली शिरायचे. घरात कपाटाचं दारसुद्धा चोरासारखं, आवाज न करता लावायचं, अशी आईची सक्त ताकीद होती. पुढे बाबा सिनेमाच्या साउंड स्टुडिओत कामाला लागले. आज त्यांचा पहिला सिनेमा लागला, तोही लढाईच्या धसक्यातून न सावरलेल्या एका सैनिकाचा.

पडद्यावर बॉम्ब फुटला आणि अख्खं थिएटर दचकलं. आईने बाबांना घट्ट धरलं, तर ते खुदुखुदु हसत होते.

"अगं, बॉम्ब कसला? स्टुडिओतलं लोखंडी कपाट आहे ते! दिवसभर मीच आपटत होतो."

घरी येताच बाबांनी आमच्या कपाटाचं दार धाडकन आपटलं.



आई ओरडली, "वन्स मोअर!"