राजमार्ग

गुहेत नवं दालन किंवा नवी वाट सापडली, की जो पहिला आत शिरेल त्याने तिचं नाव ठेवायचं, हा आमच्या गटाचा रिवाज. एकदा डोंगरातल्या एका गुहेत, मागच्या उतारावर बाहेर निघणाऱ्या नव्या बोळात मी पहिला शिरलो आणि छातीपाशी अडकलो. मित्रांनी पाय धरून ओढलं तेव्हा कुठे तीन तासांनी सुटलो, तेही दोन बरगड्या मोडून.

नकाशा काढणाऱ्याने विचारलं, "हं, नाव काय लिहू?"

मी कण्हत म्हणालो, "लिही, राजमार्ग!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. नाव तसंच छापलं गेलं.

त्याला पंचवीस वर्षं झाली. आज दुपारी त्या डोंगरावर धो धो पाऊस झाला आणि त्याच गुहेत पाणी चढू लागल्याचा फोन आला. लेक सकाळीच मैत्रिणींना घेऊन तिथे गेली होती. मला बुटाची नाडीही बांधता येईना.

"अहो, एवढं काय घाबरताय? लेक कोणाची आहे!" बायको म्हणाली. "तुमचा नकाशा नेलाय तिने. जाताना मला म्हणाली, 'आई, पाणी आलंच तर बाबांच्या राजमार्गाने बाहेर पडू.'"