बंड्याचे थांबे

"तेल नको काकू, चाटून टाकेल तो," सुनेत्रा हसून म्हणाली आणि तळहात एकमेकांवर चोळून गरम करू लागली. सरलाताईंनी तिळाच्या कोमट तेलाची वाटी मुकाट्याने बाजूला ठेवली. नातवंडांना चोळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बंड्या पडला कुत्रा.

नोएडाची थंडी यंदा हाडांत शिरली होती आणि बंड्याचं वयही झालं होतं. फिरायला नेलं की सोसायटीतल्या प्रत्येक बाकापाशी तो बसकण मारतो, असं अविनाशरावांनीच घरी येऊन सांगितलं होतं. म्हणून तर सरलाताईंनी म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांना मालिश करणाऱ्या सुनेत्राला बोलावलं. फरक पडला नाही, तर थंडी सरेपर्यंत दोघांचं फिरणं बंद, असा त्यांचा हुकूम होता. अविनाशरावांचा सगळा जीव त्या सकाळच्या फेरीत. शाळेच्या निकालाची वाट बघत बसावं तसे ते सोफ्याच्या कडेवर बसले होते.

सुनेत्राचे अंगठे बंड्याच्या पाठीवरून कमरेकडे, तिथून मांड्यांकडे सावकाश उतरत गेले. बंड्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने तर चक्क घोरू लागला.

"जरा आखडलाय. या वयात, थंडीत व्हायचंच," ती म्हणाली. "पण दर बाकाला बसावं लागेल असं काही हाताला लागत नाही. चालवून बघू या?"

खाली सरलाताईंनी पट्टा धरला. बंड्या एकेक बाक मागे टाकत थेट गेटपर्यंत गेला. त्यांची शाल खांद्यावरून घसरली तरी थांबेना.

"आंटीजी, संभलके!" गार्ड ओरडला.

"कमाल आहे यार! एका मालिशमध्ये बिल्कुल ठणठणीत!" अविनाशराव खूश झाले. "आण इकडे."

पट्टा त्यांच्या हातात आला आणि बंड्याची चाल मंदावली. पहिल्या बाकापाशी तो थांबला. मान वळवून त्याने अविनाशरावांकडे पाहिलं आणि खाली बसला. अविनाशराव सवयीने बाकावर टेकले.

"बघ... पुन्हा सुरू... याचं," ते म्हणाले.

सरलाताई बंड्याकडे बघतच नव्हत्या. शेजारी बसून त्यांनी नवऱ्याचा गार हात आपल्या हातात घेतला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून दम लागतोय?"