पठ्ठ्याचा खुराक

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पठ्ठ्या घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून पाहिली. मास्तर पोट आत ओढून शेजारी उभे होते. कौतुक ऐकायची वेळ आली की ते नेहमी असेच उभे राहत.

घोडेस्वारी शिकवतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. हिवाळ्यात हेच मास्तर पठ्ठ्यावरून पडले होते, तेही सगळ्या शिकाऊ मंडळींसमोर. वाऱ्याने ताडपत्री फडफडली, घोडा दचकून बाजूला उडाला आणि मास्तर सरळ खाली आले. मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये असतानाच त्यांनी निदान करून टाकलं. घोड्याच्या पाठीला मांस नाही, म्हणून त्याचा तोल जातो. पाठ भरेपर्यंत त्याच्यावर कुणी बसायचं नाही. पुढे प्लास्टर निघालं, उन्हाळाही सरत आला, पण निदान काही बदललं नाही.

तेव्हापासून त्यांना खुराकाचं वेड लागलं होतं. भरडलेला जव, सोयाबीनची पेंड, लसूणघास, वर मीठ. अळशी घरातल्या चांगल्या शेगडीवर रटरटत असायची आणि तोवर बायको आणि मुलगी चहासाठी ताटकळायच्या. पुढच्या जन्मी मी घोडाच होणार, असं मुलगी म्हणायची. पेंड खवट तर नाही ना, हे मास्तर स्वतः चाखून बघत. पोतीही स्वतःच खांद्यावरून आणत. एवढ्या सेवेचं फळ मिळालं, नाही असं नाही. पठ्ठ्याचं पोट सुटलं. पाठ होती तशीच राहिली. मास्तरांचे दंड मात्र असे भरले, की बायकोला त्यांच्या सदऱ्यांच्या बाह्या उसवून सैल कराव्या लागल्या.

खोगीर शिवणारा एकदा म्हणाला होता, याला जरा चालवा, पळवा. मास्तर त्याला हसले होते. दुखणं पाठीचं आणि मेहनत पायांना? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं त्यांनी त्याला ऐकवलंही होतं.

आणि परवा जेवताना बायकोने शांतपणे सांगितलं, की बसून खाणारं जनावर तबेल्याला झेपत नाही. डॉक्टरीणबाई येऊन तपासतील. घोडा कामाचा नाही असं त्या म्हणाल्या, तर नदीपलीकडचा भाजीवाला त्याला गाडीला जुंपायला न्यायला तयार आहे. मास्तरांनी ताट बाजूला सारलं. पठ्ठ्या याच तबेल्यात जन्मला होता. त्याची आई त्याला जवळ करेना, तेव्हा मास्तरांनीच त्याला बाटलीने दूध पाजलं होतं. आज सकाळी पठ्ठ्याचं खोगीर तेल लावून कठड्यावर ठेवलेलं त्यांनी पाहिलं. घोड्याबरोबर तेही जाणार, हे त्यांनी ओळखलं.

डॉक्टरीणबाईंनी हात झटकले.

"खुराकात काही कमी नाही. जास्तच आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसतं खाऊन पाठ भरत नाही, मास्तर. कष्टाने भरते. याच्यावर बसतं कोण?"

मास्तरांनी कठड्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. बायकोने घोड्याकडे पाहिलं. घोडा मास्तरांकडे बघत होता.

पाठ भरली की बसणारच आहे, असं काहीतरी मास्तर पुटपुटले. मग ती कधीच भरणार नाही, एवढं बोलून डॉक्टरीणबाई पिशवी आवरायला लागल्या.

खरं उत्तर मास्तरांना ठाऊक होतं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी ते कुणाला न सांगता खोगीर घेऊन पठ्ठ्याजवळ गेले होते. रिकिबीत पाय ठेवला आणि पाचावर धारण बसली. पाय काढून जे निघाले, ते थेट पेंडीच्या दुकानात पोहोचले. गावभरच्या पोरांना 'घाबरायचं नाही' म्हणून दटावणारा हा माणूस स्वतःची भीती बादलीत कालवून घोड्याला चारत होता, आणि वर घोड्यालाच नावं ठेवत होता. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, आणि मग, काय करणार, थोडं हसूही आलं.

त्यांनी कठड्यावरचं खोगीर उचललं. दंड भरलेले असल्यामुळे ते अगदी हलकं वाटलं. सुटलेल्या पोटावर पट्टा कसाबसा बसला. बायकोने पुढे होऊन लगाम धरला.  मास्तरांनी रिकिबीत पाय ठेवला, डोळे मिटले आणि स्वतःला वर लोटलं.

पठ्ठ्या दचकला नाही. त्याने एकदा मान वळवून, वर खरंच मास्तर आहेत ना याची खात्री करून घेतली आणि तो चालू लागला. बायको लगाम धरून बरोबर चालत होती. रिंगणाची फेरी संपेपर्यंत दोघांनाही धाप लागली होती, घोड्याला आणि मास्तरांना. डॉक्टरीणबाई एव्हाना निघून गेल्या होत्या.

"भाजीवाल्याला नाही म्हणून कळव," मास्तर वरूनच म्हणाले. आवाजात जुना रुबाब परत आला होता. "आणि डॉक्टरीणबाईंना उगाच त्रास दिलास तू. घोड्याला काहीही झालेलं नव्हतं."

"ते मला माहीत होतं," बायको लगाम सोडून देत म्हणाली. "घोड्यासाठी कुणी बोलावलं होतं त्यांना?"