पाव वेढा

पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज येऊ लागला आणि पंपखोलीच्या दाराशी कॉफी पीत उभे असलेले इंजिनियर रंगराव जागच्या जागी थिजले. तंजावूरबाहेरच्या त्या नव्या गिरणीत भाताच्या कोंड्यातून हेक्झेनने तेल काढत. हेक्झेन पेट्रोलसारखं भडकतं. सील गार असेतो ते मुकाट पंपातून वाहतं. सील तापलं की तिथल्या पोकळीतच त्याची वाफ होते, आणि कोरडं सील घासून उघडं पडतं, हेक्झेन बाहेर गळू लागतं.

रंगरावांनी सील गार ठेवणारी पाण्याची नळी चाचपली. पाणी वाहतच नव्हतं. कालव्याकडच्या जाळीत शेवाळ अडकलं असणार. पंप बंद करावा, तर स्विच त्याच खोलीत आणि त्याचं झाकण कालपासून सैल. एक ठिणगी पुरे होती. हेक्झेनचा वास येऊ लागला होता.

अंगणात वीसेक बायका कोंडा चाळत होत्या. चूल विझवून सगळ्यांना कालव्यापलीकडे ने, असं रंगरावांनी बायकांची मुकादमीण शेषम्मा हिला हळू आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा पाहून ती काही न विचारता उठली.

रंगरावांनी नळीची झडप बंद केली आणि फिटर वेंकटेशने जाळीतलं शेवाळ उपसून काढलं. आता झडप उघडायची, पण बेताने. तापल्या सीलवर एकदम गार पाणी आलं तर ते तडकलं असतं. रंगरावांनी झडपेचं चाक पाव वेढा फिरवलं. थांबले. तू जा, असं त्यांनी वेंकटेशला दोनदा सांगितलं. तो गेला नाही.

"अण्णा, हात घसरतोय तुमचा."

"फिरतोय ना?"

आणखी पाव वेढा. पुन्हा थांबले. आणखी पाव. लाह्या विरळ झाल्या, मग एखाददुसरी, मग नुसती पंपाची घरघर. वास विरेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.

रंगराव बायकांना बोलवायला कालव्यापलीकडे गेले. त्या भाताच्या बांधावर ओळीने उभ्या होत्या.

"काय झालं होतं?" शेषम्माने विचारलं.

"पाणी अडलं होतं."

"एवढंच?" ती हसली.

"एवढंच," रंगराव म्हणाले, आणि इस्त्रीच्या खाकी पँटसकट रोपांमधल्या चिखलात बसले.