डोकं शेजारी आहे

“डोकं कुठे आहे?” तपासनीस साहेबांनी विचारलं.

“शेजारी. इस्त्रीवाल्या भाऊजींकडे,” आई म्हणाली.

“आणि पाय?”

“एक शिवणवाल्या मावशींकडे. दुसरा... विचारावं लागेल.”

बाकड्यावरच्या उशीवर साहेब चुळबुळले. त्यांनी वाकून रिकाम्या खोक्यात पुन्हा एकदा पाहिलं. खोक्यावर लेकीचं नाव होतं. डॉक्टरकीला गेलेली गल्लीतली पहिली पोर. शिष्यवृत्तीसोबत तिला अभ्यासाला प्लॅस्टिकचा अख्खा सांगाडा मिळाला होता. नियम साधा होता. दिलेलं सामान घरात सापडलं नाही, की ते विकलं असं धरायचं आणि शिष्यवृत्ती बंद. लेक आत्ता कॉलेजात होती. घरात होती एकटी आई.

“विकलंत का, बाई?”

“अहो, शप्पथ नाही!”

“मग धड माणूस गल्लीभर वाटलात कशाला?”

आता काय सांगायचं? उद्या तपासणी आहे, एवढाच निरोप काल आला होता. तपासणी म्हटल्याबरोबर तिचे हात आपोआप चालू लागले. जुनं राज्य जाऊन लेकीच्या वयाएवढी वर्षं झाली होती, पण हातांना ते कुणी कळवलंच नव्हतं. त्या राज्यात या गल्लीतल्यांनी पुस्तक बाळगणं हा गुन्हा होता. म्हणून गल्लीने एकच पुस्तक मिळवलं, त्याची पानं सुटी केली आणि घरोघरी एकेक लपवलं. झडती आलीच तर एखादं पान जाईल, पुस्तक राहील. पोरं या दारातून त्या दारात हिंडत वाचायची. आईसुद्धा तशीच वाचायला शिकली होती.

हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं. ते पाहून ती जास्तच घाबरली. ती दारात धावली आणि ओरडली, “अगं, आणा गं सगळं परत! झडती नाहीये, मोजणी आहे!”

गल्ली लोटली. भाऊजींनी कवटी आणली, कडक इस्त्रीच्या चादरीत गुंडाळलेली. मावशींनी पाय आणला, तोही मोजा घातलेला.

“हाडाला थंडी वाजते होय?” साहेबांनी विचारलं.

“अहो, ओळखू येऊ नये म्हणून,” मावशी म्हणाल्या. “आमच्या ह्यांचाच पाय वाटला पाहिजे ना!”

दूधवाल्या आजोबांनी कॅनमधून फासळ्या काढल्या. दुसरा पाय कुणाच्या तरी छत्रीतून निघाला. साहेब एकेक हाड खोक्यात ठेवत गेले. कुणी हसू दाबत होतं, आई मात्र श्वास.

“कमरेचं हाड नाही,” साहेब म्हणाले.

आई कानापर्यंत लाल झाली. “त्याच्यावरच बसलायत तुम्ही.”

साहेब ताडकन उठले. उशीखालचं हाड त्यांनी स्वतःच काढलं, पुसलं आणि खोक्यात ठेवलं. सांगाडा पुरा झाला. त्यांनी सही केली, चपला घातल्या आणि उंबऱ्यात थबकले.

“आमच्या गल्लीत शेवटचं पान माझ्या घरी होतं, ताई. बाकीची घरं झडतीवाल्यांनी रिकामी केली. शेवट तोंडपाठ होता. सुरुवात काय होती, ते मला शिष्यवृत्ती मिळाल्यावर कळलं.”