केबिनमधला डबा

“तिथे मला अजिबात ओळख दाखवायची नाही,” असं लेकीने सकाळीच बजावलं होतं. त्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथपालबाई नव्या मुलांना ग्रंथालय दाखवताना लेक सोडून सगळ्यांकडे बघत होत्या. लेक घोळक्याच्या शेपटाला एकटीच चालत होती, कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. भौतिकशास्त्राच्या कपाटांकडे हात करून त्यांनी “हा कवितेचा विभाग” म्हणून सांगितलं. मुलांनीही माना डोलावल्या.

“आणि ग्रंथालयात खायला सक्त मनाई आहे,” त्यांनी शेवटचा नियम सांगितला. “काही प्रश्न?”

दरवर्षीप्रमाणे कुणालाच प्रश्न नव्हता. मग मागून लेकीचा हात वर झाला.

“मॅडम, डबा खायला सोबत कुणी नसेल, तर कुठे बसायचं?”

बाईंनी उगाचच चष्मा पुसला.

“माझ्या केबिनमध्ये,” त्या म्हणाल्या. नियम सांगून अजून मिनिटही झालं नव्हतं.

मधल्या सुट्टीत केबिनचं दार उघडून लेक आत आली. तिच्यामागे आपापले डबे घेऊन पाच-सहाजण अवघडून उभे होते.

“आई, सरक ना जरा,” लेक म्हणाली. “यांना कुठे बसवू?”