चिमट्यांची उंची

तूरिडने केकचा डबा जेवणघरातल्या फ्रीजमध्ये ठेवला, तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते. मागे मिलेना कॉफी ओतून घेत होती.

“वाढदिवस कुणाचा गं?”

“कुणाचाच नाही.”

मिलेनाचा हात थांबला. द्रामेन शहरातल्या त्या धुलाई कारखान्यात वाढदिवसावाचून केक येई तो एकाच कारणाने. नोकरी सोडणाऱ्याने शेवटच्या दिवशी मागे राहणाऱ्यांचे तोंड गोड करावे, असा तिथला शिरस्ता होता.

“तूरिड, तू...”

“दहा वाजता हेगेनं बोलावलंय. पुढचं पुढं,” तूरिड म्हणाली आणि अॅप्रनची गाठ आवळून कामावर गेली.

बासष्ट वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाला व्यवस्थापिका हेगे भेटीस बोलावणार, असे पत्र आठवड्यापूर्वी आले होते. चौसष्ट वर्षांच्या तूरिडने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला होता. उजवा खांदा हिवाळ्यापासून साथ देत नव्हता. तो तिने लपवला होता. पण रुग्णालयाच्या ओल्या चादरी इस्त्रीच्या यंत्रात लावण्याचा वेग लपत नाही. तो भिंतीवरच्या फलकावर आकड्यांत दिसतो. कुणी दार दाखवण्याआधी आपण होऊन उठावे, एवढा मान तिने स्वतःसाठी राखून ठेवला होता. जायचे मात्र तिला मुळीच नव्हते. केकसाठी बदाम वाटताना तिने दोनदा माप चुकवले होते.

दहाला ती हेगेसमोर ताठ बसली. हेगे तिच्या थोरल्या लेकीच्या वयाची.

“मला गोल गोल बोलता येत नाही,” तूरिड म्हणाली. “तू काढण्यापेक्षा मीच जाते. केक आणलाय.”

“केक?”

“बदामाचा. फ्रीजमध्ये आहे. सगळ्यांना पुरेल.”

हेगेने समोरचा कागद फिरवून तूरिडपुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती आणि खाली मोकळी जागा.

“वाच. मला एवढंच विचारायचं होतं.”

तूरिडने चष्मा लावून वाचले. इथे राहायचे असेल, तर काय बदलायला हवे?

“काही नको. मला कुणाची दया नको.”

“दया? अगं बाई, गेल्या वेळी जाहिरात दिली तेव्हा दोन महिन्यांत एक माणूस आला. तो जेवायला म्हणून बाहेर पडला, तो अजून जेवतोच आहे! तू गेलीस तर त्या यंत्रावर काय मी उभी राहू?” हेगेने पेन उघडले. “बोल. काय जड जातं?”

तूरिडच्या माहेरी दुखणे बोलून दाखवणे म्हणजे दारोदार हात पसरण्यासारखे मानत. तिने भिंतीकडे पाहिले, स्वतःच्या हातांकडे पाहिले.

“चिमटे,” ती शेवटी म्हणाली.

“कुठले?”

“चादरीचे कोपरे ज्यात अडकवतो, ते. फार उंच आहेत. प्रत्येक चादरीला हात खांद्याच्या वर न्यावा लागतो. दिवसाला आठशे वेळा.”

“कधीपासून?”

“यंत्रं आली तेव्हापासून. एकोणीस वर्षं.”

हेगेने ‘चिमटे’ एवढा एकच शब्द कागदावर लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

दुपारी केक टेबलावर आला. चौघी भोवती बसल्या. सुरी कुणी उचलेना.

“मी हा खाणार नाही,” मिलेना म्हणाली. “आम्ही खाल्ला की तू निघालीस.”

“खा मुकाट्यानं. मी कुठंही जात नाही.” तूरिडने स्वतःच केक कापला. “आणि बदाम काही फुकट मिळत नाहीत.”

मिलेनाने इतका मोठा तुकडा उचलला, की सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी ओत्तार अवजारांची पेटी घेऊन आला. यंत्रांची देखभाल त्याच्याकडे. उंची दोन मीटरला दोन बोटे कमी. चारही यंत्रे त्यानेच बसवली होती, आणि चिमटे आपल्या हाताला सोयीचे पडतील तिथे लावले होते. त्यात काही दुष्टावा नव्हता. त्या वेळी तिथे दुसरे कुणी उभे नव्हते, इतकेच.

त्याने तूरिडच्या यंत्राचे नट सैल केले, चिमटे वीतभर उतरवले आणि वाकून एक कोपरा लावून पाहिला.

“इतकं खाली? इथं माझी पाठ मोडेल!”

“तुला कुठं इथं उभं राहायचंय? अजून दोन बोटं घे खाली.”

त्याने घेतले. तूरिडने ओली चादर उचलली, दोन्ही कोपरे अडकवले. हाताचे कोपर कमरेपासून हलले नाही. चादर सरळ आत गेली. मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या चादरीला तिच्या ध्यानात आले की आपले दात आवळलेले नाहीत. आजवर ते प्रत्येक चादरीला आवळले जात होते, हेही तिला तेव्हाच कळले.

ओत्तारने नट पिळायचे पाने पेटीत भरले आणि कडी लावली.

“ओत्तार.” शेजारच्या यंत्रावरून मिलेनाचा आवाज आला. मिलेना तिशीची, चादरींचे ओले पोते एका हाताने उचलणारी. तिने मान वळवली नाही. “पेटी पुन्हा उघड. आता माझे चिमटे.”

“मग माझे,” तिच्या पलीकडून कुणीतरी म्हणाले.

ओत्तारने खाली वाकून कडी पुन्हा काढली.